सात टोप्या

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं, अगदी शिवेवरचं. ओढ्याच्या पलीकडं निजामाचा मुलूख. 15 ऑगस्ट 1947 ला आमच्याकडं तिरंगा लागला, तिकडं लागला नाही. 29 नोव्हेंबरला जैसे-थे करार झाला. तरी कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत काही थांबली नाही. मग शिवेवरची गावं रात्री जागायला लागली.

माझा आजा ही हकिकत पुष्कळदा सांगायचा. गावात परवान्याच्या बंदुका दोनच. पाटलाची काडतुसाची आणि आमची ठासणीची, रानडुकरं हाकायला ठेवलेली. देवळात बैठक बसली. तरणी पोरं म्हणाली, वर्गणी काढू, मिळंल तिथनं रायफल आणू. आजा म्हणाला, "आणाल खरं, पण गोळ्या सरल्यावर काय करणार? चाप मोडला तर आपला लोहार करंल का? काडतूस नसली की रायफल म्हंजे नुसतं दांडकं. ठासणीला दारू, छर्रं नि टोपी असली की भागतंय. घोडा तुटला तर लोहार नवा ठोकून देतोय."

शेवटी आहे तेच नीट ठेवायचं ठरलं. दारू वाळल्या भोपळ्यात भरून चुलीपासून लांब, आढ्याला टांगली, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून. दुसरा गज करून ठेवला. अडचण टोप्यांची. त्या घरी होत नव्हत्या. आज्याकडं उरल्या होत्या सात. त्या तो कमरेच्या चंचीत बांधून झोपायचा.

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरहून मेजर जनरल चौधरींची फौज निघाली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडला, 17 तारखेला निजामानं हात टेकले. गावानं गुलाल उधळला. पण तिकडं मग सूड सुरू झाला. रझाकारांचा राग, ज्यांनी कधी काठी उचलली नव्हती अशा मुसलमानांवर निघाला. पुढं चौकशीला आलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांत मोजला.

त्याच दिवसांतली रात्र. ओढ्यात पावलं वाजली. पळून निघालेले रझाकार असतील म्हणून आज्यानं टोपी बसवली, घोडा ओढला. आवाज दिला, उत्तर आलं नाही. बोट चापावर. एवढ्यात तान्हं पोर रडलं.

आमच्या मुलाण्याची बहीण होती ती. दोन पोरं, म्हातारी सासू, अंगावरच्या कपड्यानिशी आलेली.

आज्यानं घोडा हळूच उतरवला. पुढं आठ दिवस तो तीच बंदूक घेऊन मुलाण्याच्या दारात झोपला.

"साती टोप्या तशाच राहिल्या," म्हातारपणी सांगताना आजा इथं थांबायचा. मग म्हणायचा, "पोरगं रडलं नसतं, तर सहा राहिल्या असत्या."