यवाच्या खालच्या पायऱ्या

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या विसाव्या अध्यायात, लांबीची मापं परमाणूपासून सुरू होतात. आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडालेला एक धूलिकण, आठ धूलिकणांची एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचं एक अंगुल. अंगुल सुमारे पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं धरलं तर यव २.४ मिलिमीटर, ऊ ०.३, लीख ०.०४ च्याही आत आणि परमाणू ०.०००६ मिलिमीटरच्या आसपास येतो. हिशेब सोपा आहे, म्हणून तो उत्साहाने केला जातो. माझं म्हणणं असं, की तो यवापाशी थांबवावा. त्याखालच्या पायऱ्या कुणी मोजून बसवलेल्या नाहीत. त्या भागाकारातून आल्या आहेत.

याचा पुरावा उवेपाशीच मिळतो. खरी ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते. रुंदी घेतली तरी ती हिशेबातल्या ०.३ मिलिमीटरपेक्षा मोठीच भरते. जवाचा दाणा मात्र मधोमध तीनएक मिलिमीटरचा, म्हणजे हिशेबाला बराच जवळचा. दाणे शेजारी शेजारी मांडून अंगुल पडताळता येत होतं, उवा मांडून यव कोण पडताळणार? शिवाय ही शिडी सगळीकडे सारखी नाही. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात प्रत्येक पायरी आठपट नसून सातपट आहे आणि परमाणूपासून अंगुलपर्वापर्यंत अशा दहा पायऱ्या आहेत. त्यामुळे एका अंगुलपर्वात २८,२४,७५,२४९ परमाणू होतात, तर अर्थशास्त्राच्या अंगुलात ३२,७६८. दोन ग्रंथांतले परमाणू एकमेकांपासून साडेआठ हजार पटींहून अधिक दूर आहेत. ललितविस्तराचा परमाणू मिलिमीटरमध्ये बदलला की आजच्या अणूच्या आकाराजवळचा आकडा येतो, त्यावरून प्राचीनांना अणूचं माप ठाऊक होतं असा दावा होऊ शकतो. पण तसं असेल तर कौटिल्याचा परमाणू चुकीचा ठरवावा लागेल, आणि एकाला ज्ञान व दुसऱ्याला चूक म्हणायला आकड्यांच्या योगायोगापलीकडे आधार नाही. ललितविस्तरात ही गणना सिद्धार्थ अर्जुन नावाच्या गणकापुढे करून दाखवतो. तिथे कसोटी गणनेच्या सामर्थ्याची आहे, मोजपट्टीची नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. अर्थशास्त्र हा राज्यकारभाराचा ग्रंथ. निरुपयोगी मापं त्यात कशाला येतील? पण त्याच अध्यायात २४ अंगुळांचा हात आहे, छावण्या-किल्ल्यांसाठी ४२ अंगुळांचा किष्कू आहे आणि लाकूडफाट्याच्या रानासाठी ५४ अंगुळांचा हात आहे. काम बदललं की हात बदलतो, म्हणून प्रत्येक हात अंगुळांत सांगावा लागतो. धाकटं माप मोठ्याला जखडून ठेवतं, हे त्याचं खरं काम. अंगुलाला जखडायला यव आला, आणि यवाला आधार हवा म्हणून विचार खाली उतरत गेला, तो पुढे विभागता न येणाऱ्या कणापर्यंत. ती तर्काची गरज होती आणि मला ती थोर वाटते. वराहमिहिर बृहत्संहितेत मूर्तिलक्षणं सांगताना झरोक्यातल्या उन्हात दिसणाऱ्या कणापासूनच आरंभ करतो. पण मूर्तीचं तोंड बारा अंगुळांचं सांगताना अंगुळं त्या मूर्तीचीच घेतो. शिल्पकाराला प्रमाण हवं होतं, मिलिमीटर नव्हे.

महाराष्ट्रातली जमीनमोजणीही याच रीतीने चालली. सभासद बखरीत शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची सांगितली आहे, पण तेवढ्यावर न थांबता हात चौदा तसूंचा आणि काठी ब्याऐंशी तसूंची असं बांधून दिलं आहे. म्हणजे पाच हातांचे सत्तर तसू आणि पाच मुठींचे बारा. मोजणीदाराचा हात लांब की आखूड, यावर रयतेचा सारा ठरू नये, याची ही तजवीज. आता ही काठी फुटांत किती, असं विचारलं तर आधी तसू ठरवावा लागतो. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, आणि गज काही सगळीकडे एक नव्हता. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता. म्हणून जुन्या कागदातलं माप बदलताना उत्तराशेजारी कोणता गज धरला तेही लिहावं लागतं.