दोन नार्वे आणि एक सप्तकोटीश्वर

गोव्यातील मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. ह्या बेटाच्या एका टोकाला नार्वे नावाचा गाव लागतो. तेथून फेरीबोटीत बसून पैलतीरास उतरावे, तर तो गावही नार्वेच. एक नार्वे तिसवाडीत, दुसरे डिचोली महालात. मध्ये नदीचे पाणी. एकाच नावाचे हे दोन गाव समोरासमोर कसे वसले, ह्याचे उत्तर भूगोलात सापडत नाही. ते एका देवाच्या प्रवासात सापडते. तो देव म्हणजे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर.

सप्तकोटीश्वराच्या नावाची कथा पुराणातली आहे. सप्तर्षींनी पंचगंगेच्या संगमावर सात कोटी वर्षे तप केले, तेव्हा शंकर प्रसन्न होऊन तेथे सप्तधातूंच्या लिंगाच्या रूपाने प्रकट झाला, असे ती सांगते. कथेतील कोटींचा हिशेब इतिहासकाराने मांडावयाचा नसतो. परंतु त्याच्या हाती ह्या देवाविषयी जे पुरावे आहेत ते काही कमी भक्कम नाहीत, आणि त्यातले काही तर शुद्ध सोन्याचे आहेत.

बाराव्या शतकात गोव्यावर कदंबांचे राज्य होते. त्यांची राजधानी प्रथम चंद्रपुरात, म्हणजे आजच्या चांदरास, आणि पुढे गोपकपट्टणात होती. घाटावरील हळशी हे त्यांचे दुसरे मोठे ठाणे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हळशीचे नरसिंहाचे देऊळ आणि तेथून जवळच देगावे येथील कमलनारायणाचे देऊळ ही त्याच घराण्याच्या वैभवाची स्मारके होत. देगावचे देऊळ उभारणारी कमलादेवी ही शिवचित्त पेर्माडी ह्या कदंब राजाची राणी. ह्या शिवचित्ताने आणि त्याच्या वंशजांनी पाडलेली सोन्याची नाणी आज संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. नाण्याच्या एका अंगास कदंबांचे लांछन जो सिंह तो आहे, आणि दुसऱ्या अंगावरील लेखात राजाने आपणास सप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद लाभला असल्याचे नोंदविले आहे. शिलालेखांतूनही हेच बिरुद येते. आपले राज्य हे आपल्या तलवारीचे नव्हे, तर नार्व्याच्या देवाच्या कृपेचे फळ आहे, अशी ग्वाही राजा बाजारात चालणाऱ्या नाण्यावर देत होता. गोव्याच्या बंदरात माल उतरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या थैलीतून ह्या देवाचे नाव किती दूर गेले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी!

कदंबांचे हे देऊळ दिवाडी बेटावरील नार्व्यात होते. चौदाव्या शतकाच्या मध्यास बहामनी फौजा गोव्यात आल्या आणि ते प्रथम उद्ध्वस्त झाले. पुढे विजयनगरच्या माधवमंत्र्याने गोवे जिंकून घेतले, तेव्हा त्याने लिंगाची पुन्हा प्रतिष्ठा केली. सुमारे दीडशे वर्षे बरी गेली. १५१० साली तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती पडली, आणि १५४० साली त्या बेटांवरील देवळे पाडण्यात आली. त्यांत सप्तकोटीश्वराचे देऊळही गेले. देवळाच्या जागी पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले. लिंगाचे काय झाले ते परंपरा सांगते: ते एका विहिरीच्या काठी बसविले गेले आणि पाण्याचा दोर त्यावरून ओढला जाऊ लागला. ज्या पाषाणावर राजे दुधाचा अभिषेक करीत, त्यावर दोराचे घर्षण! ही गोष्ट शब्दशः खरी मानावी की नाही, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. पण ज्यांनी ती पिढ्यान्पिढ्या मुलानातवंडांना सांगितली, त्यांच्या मनातील सल त्यात स्वच्छ दिसतो.

दिवाडीवरील एकच देऊळ गेले असे नाही. पियेदादच्या टेकडीवरील चर्चलगतच्या स्मशानभूमीत एक लहानशी वास्तू आहे. तिच्या छताचे कोरीव काम कदंबकालीन आहे. बेटावरील गणपतीलाही घर सोडावे लागले. तो आज खांडोळ्यास आहे. त्या काळात गोव्यातील देवांची स्थलांतरे इतकी झाली, की कोणत्या गावचा देव आता कोणत्या गावी आहे हे जाणून घेतल्याशिवाय तेथील घराण्यांचे मूळ गाव कळत नाही.

सप्तकोटीश्वराला मात्र फार दूर जावे लागले नाही. डिचोलीचे सूर्यराव सरदेसाई ह्यांनी ते लिंग गुप्तपणे नदीपार आणविले, असे सांगतात. पैलतीरी तेव्हा आदिलशाहीचा अंमल होता. एका मुसलमान सुलतानाच्या अमलाखालील वनात देवाला आसरा मिळाला, ही गोष्ट इतिहास सोपा करून सांगणाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. डोंगराच्या कुशीत जांभ्या दगडात कोरलेले एक जुने लेणे तेथे होते, त्यात लिंगाची स्थापना झाली. भोवती दाट झाडी, जवळून वाहणारा ओढा आणि डोंगरापलीकडे नदी. देव गेला त्या गावालाही लोकांनी नार्वेच म्हटले.

ह्या वनवासातल्या देवाकडे ज्याचे लक्ष गेले तो पुरुष म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. १६६८ सालच्या नोव्हेंबरात महाराज डिचोली भागात होते. गोवे काबीज करण्याचा त्यांचा बेत त्याच सुमारास पोर्तुगीजांना कळला आणि तो फसला. पण त्याच मुक्कामात त्यांनी एक काम तडीस नेण्यास आरंभ केला. देवळाच्या द्वारावरील संस्कृत लेख तो दिवस सांगतो: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार; म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. ह्या दिवशी शिवराजाच्या आज्ञेने देवालयाच्या कामास प्रारंभ झाला, एवढाच त्याचा आशय. लेख चार शब्दांचा आहे. त्यात विजयाची घोषणा नाही, शत्रूचा उल्लेखही नाही. तरी त्याचा अर्थ नदीपलीकडच्या राज्यकर्त्यांना कळला नसेल असे समजण्याचे कारण नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी ज्या देवाचे घर मोडले, त्याचे घर त्यांच्या नजरेच्या टप्प्यात पुन्हा बांधले जात होते.

देऊळ मोठे नाही. शिखराऐवजी बसका घुमट, मंडपावर उतरते छप्पर, पुढ्यात उंच दीपस्तंभ आणि समोर काळभैरवाचे लहान स्थान. विजयनगरच्या गोपुरांची किंवा हळशीच्या कोरीव शिल्पांची अपेक्षा धरून येणाऱ्याची निराशा होईल. कोकणी पावसाला तोंड देणारे, जांभ्या दगडाचे, गावाच्या ऐपतीचे हे बांधकाम आहे. आत गर्भगृहात धारालिंग आहे. त्याच्या उभ्या कडा प्रकाशात स्पष्ट दिसतात. काळाच्या ओघात देवळाची पडझड होत गेली. गोवा शासनाने हाती घेतलेले जीर्णोद्धाराचे काम २०२३ साली पुरे झाले आणि देऊळ भाविकांस पुन्हा खुले झाले.

आता उत्सवांविषयी. महाशिवरात्रीस येथे गर्दी व्हावी, ह्यात नवल नाही. शिवाचे देऊळ म्हटले की तो दिवस आलाच. नवल आहे ते गोकुळाष्टमीचे. कृष्णजन्माच्या दिवशी शंकराच्या क्षेत्री जत्रा का भरावी? लोक देवळात येतात, पण त्याआधी ते नदीत स्नान करतात, आणि ह्या स्नानाचाच मान मोठा. पंचगंगा म्हणून जी जागा ओळखली जाते, तेथे त्या दिवशी डुबकी मारून पूर्वजांचे स्मरण करावयाचे, असा परिपाठ आहे. हे तीर्थ देवळापेक्षा जुने असले पाहिजे. देऊळ पाडता येते, लिंग हलविता येते. नदीचा संगम मात्र कोणाला उचलून नेता येत नाही. बेटावर पूजेला बंदी झाली तरी श्रावणातली ती तिथी आणि ते पाणी लोकांनी सोडले नाही.

ह्याला परकीयाचा साक्षीपुरावाही आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ आणि १६२४ साली गोव्यात होता. नार्वे नावाच्या जागी हिंदू लोक ऑगस्ट महिन्यात यात्रेसाठी लोटतात, स्त्रीपुरुष पाण्यात उतरतात आणि फळे व सुगंधी द्रव्ये पाण्याला अर्पण करतात, असे त्याने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. धर्मन्यायालय गोव्यात स्थापन होऊन तेव्हा साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि शिवछत्रपतींच्या जीर्णोद्धारास अजून चाळीसांहून अधिक वर्षे अवकाश होता. अशा मधल्या काळात, देवाला धड देऊळ नसतानाही यात्रा चालू होती. राजाने देऊळ बांधले हे खरे. पण ज्यांच्यासाठी ते बांधावयाचे ती माणसे तीर्थावर आधीपासूनच उभी होती, हे त्या प्रवाशाच्या पत्रामुळे कळते.

डिचोली महाल १७८१ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. पण तोवर त्यांचा धर्माविषयीचा पहिला कडवेपणा ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतील देवळांना हात लावण्यात आला नाही. पूर्वी ज्या राज्यातून देव पळवून आणावा लागला होता, तेच राज्य शेवटी त्याच्या दारापर्यंत येऊन थांबले. १९६१ साली तेही संपले.

दिवाडीवरच्या नार्व्यात जुन्या देवळाचे आता अवशेषच उरले आहेत. कोटीतीर्थ नावाचे जुने तळे तेथे आहे. ते पाहून धक्क्यावर यावे. फेरीबोट थोड्याच वेळात दुसऱ्या नार्व्याच्या काठाला लागते. गोकुळाष्टमीस पहाटेपासून ह्या दोन्ही काठांवर ओल्या वस्त्रांनी माणसे उभी असतात, आणि स्नान आटोपलेली मंडळी वनातल्या वाटेने देवळाकडे निघालेली असतात.