घरचें भांडण आणि ठाण्याचें दार



‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ असें आपण नेहमीं म्हणतों. पण त्या मुठींत एखाद्या स्त्रीचा जीव गुदमरत असेल, तर ती उघडावयाची कोणीं?

आमचा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटींत होता. कचेऱ्यांचा कारभार उर्दूंत चाले. मराठीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या सुनेनें आपलें दुःख सरकारदरबारीं सांगावें तरी कसें? याच जिल्ह्यांतील गंगाखेडची संत जनाबाई. तिच्या मागून कित्येक पिढ्यांतील बायकांनीं आपलें गाऱ्हाणें जात्यापाशींच गायिलें. इंग्रजी मुलखांतही निराळें नव्हतें. नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंना १८८७ सालीं दिला.

स्वराज्यांत कायदा हळूहळू बदलला. १९८३ सालीं पति व सासरच्या मंडळींचें क्रौर्य हा दखलपात्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमांत आहे. १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलीस आयुक्तालयांतच स्त्रियांसाठीं विशेष कक्ष उघडला. ठाण्यांत आलेल्या बाईजवळ बसून तिचें ऐकणारें कोणी असावें, हा त्याचा हेतु. पुढें २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला. त्याच्या ५ व्या कलमानें पोलिसांवर स्पष्ट कर्तव्य घातलें आहे: संरक्षणाचा आदेश, संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रार, हे सर्व मार्ग त्या स्त्रीस सांगावेत.

मग हांक आल्यावर शिपायानें काय करावें? तात्काळ जावें. दोघांस वेगळें करावें. सासरच्या माणसांसमोर नव्हे, तर एकांतांत तिला विचारावें. जखम असल्यास दवाखान्यांत न्यावें, आणि तिचे शब्द तिच्याच भाषेंत लिहून घ्यावेत. ‘नवराबायकोचें भांडण’ म्हणून समजूत घालून तिला परत धाडणें हा न्याय नव्हे.

कोणी म्हणतील, २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच सरसकट अटक करूं नये असें बजावलें आहे. तें खरें, आणि योग्यही. परंतु अटक निराळी व तक्रारीची नोंद निराळी. अटकेपूर्वीं विचार करावा. ऐकून घेण्यापूर्वीं नव्हे.

रात्रीं भिंतीपलीकडून किंकाळी आली, तर शेजाऱ्यानेंही ११२ या क्रमांकावर कळवावें. तो घरभेदेपणा नव्हे, शेजारधर्म आहे.