सांग्रो ते सेनिओ : युद्धाच्या वाटा आणि द्राक्षमळे



आजचा विषय थोडा विचित्र वाटेल. इटलीत गाडी घेऊन दहा-बारा दिवस फिरायचं, दुसऱ्या महायुद्धाच्या जागा बघायच्या आणि वाटेत तिथल्या वाईनची चवही घ्यायची, अशा सहलीची आखणी कशी करावी, याबद्दल मी बोलणार आहे. दफनभूमीतून निघून थेट द्राक्षमळ्यात जायचं, हे शोभतं का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी शेवटी देईन, कारण ते मार्ग आखतानाच सापडत जातं.

आधी मार्ग. इटलीच्या मुख्य भूमीवरची मोहीम १९४३ च्या सप्टेंबरात दक्षिणेला सुरू झाली आणि १९४५ च्या मे महिन्यात उत्तरेला संपली. प्रवाशाला याचा मोठा फायदा होतो. नॉर्मंडी किंवा फ्लँडर्समध्ये कालक्रम पाळायचा तर पुन्हा पुन्हा मागे फिरावं लागतं. इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे गाडी नेली की कालक्रम आपोआप पाळला जातो.

आता नकाशा बघा. देशाच्या मधोमध अपेनाइन्स पर्वताचा कणा आहे आणि दोन्ही बाजूंना नद्या उतरतात. नदी, मग डोंगराची सोंड, मग पुन्हा नदी. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला प्रत्येक सोंड म्हणजे तयार तटबंदी होती. आणि त्याच उतारावर, ऊन आणि पाण्याचा निचरा मिळतो म्हणून, शेकडो वर्षं द्राक्षं पिकत होती. म्हणून लढाईच्या जागा आणि वाईनच्या जागा नकाशावर वारंवार एकमेकींवर येतात.

पहिला मुक्काम अॅड्रियाटिक किनाऱ्यावर, सांग्रो नदीपाशी. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन इथे लढली. नदीजवळच्या युद्धदफनभूमीत अडीच हजारांहून अधिक कबरी आहेत, आणि अग्निसंस्कार झालेल्या भारतीय सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे. थोडं उत्तरेला ओर्तोना, जिथे त्या डिसेंबरात कॅनडाचे सैनिक घराघरातून लढले. या टापूची वाईन म्हणजे मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो. गडद लाल, भरदार, जेवणाबरोबर घ्यायची.

तिथून पर्वत ओलांडून कासिनो. जानेवारी ते मे १९४४ या काळात इथे चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी डोंगरावरचा मठ उद्ध्वस्त केला. आत आसऱ्याला आलेले सामान्य नागरिक मेले. मग जर्मन सैनिकांनी त्याच ढिगाऱ्यांत मोर्चे बांधले. मठ १८ मे रोजी पोलिश सैनिकांच्या हाती आला. इथे एक पूर्ण दिवस ठेवा. खालच्या युद्धदफनभूमीत ज्यांचं दफनस्थान माहीत नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांत यशवंत घाडगे हे नाव शोधा.

कासिनोहून रोमकडे जाताना फ्रास्काती लागतं. पांढऱ्या वाईनसाठी प्रसिद्ध असलेलं हे टेकडीवरचं गाव. जर्मन सेनापती केसेलरिंगचं मुख्यालय इथे होतं, म्हणून ८ सप्टेंबर १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले आणि शेकडो रहिवासी मेले. त्याच संध्याकाळी इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली. कासिनोसारखंच इथेही बॉम्ब टाकणारे हे मुक्त करायला आलेलेच होते, हे लक्षात ठेवूनच पुढे जायचं.

पुढे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. १० जुलै १९४४ रोजी या परिसरात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले, गोळ्या संपल्या तेव्हा बंदूक उलटी धरून लढले आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय २२. रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव भागाचे ते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं.

मग फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, कियांतीच्या टापूत, मोंतेगुफोनीचा वाडा. उफित्सी संग्रहालयाची चित्रं सुरक्षेसाठी इथे हलवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, या भागातून पुढे सरकत होती. वाड्यात बोतिचेल्लीचं 'प्रिमावेरा' भिंतीला टेकवून ठेवलेलं सापडलं, आणि त्या चित्रांवर आपल्या शिपायांनी पहारा दिला. उफित्सीत ते चित्र बघणाऱ्या आपल्या पर्यटकांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं?

शेवटचा टप्पा रोमान्या. फोर्लीला भारतीय सैन्याची स्वतंत्र दफनभूमी आहे. तिथून सेनिओ नदी जवळच. ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी इथे दोन जखमी सहकाऱ्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून बाहेर काढलं, मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. आता दुसरी गोष्ट शेजारी ठेवून बघा : ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत नेहरू आणि काँग्रेसचे नेते त्याच जिल्ह्यातल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय लढले, ५,७८२ मेले, आणि त्यांचा स्वतःचा देश पारतंत्र्यात होता. या विसंगतीचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण ती टाळून केलेली सहल अपुरी राहील.

आता वाईनकडे येऊ. आज तिथे दिसतात त्या सरळ, शिस्तबद्ध द्राक्षरांगा बघून "सैनिकांनीही हेच पाहिलं असेल" असं वाटतं. ते खरं नव्हे. १९४४ मध्ये मध्य इटलीत बहुतेक ठिकाणी मिश्र शेती होती. मेपल आणि एल्मच्या झाडांवर द्राक्षवेल चढवायचे आणि मधल्या पट्ट्यात गहू पेरायचा. कसणारा शेतकरी अर्धेलीने राबायचा, निम्मं पीक मालकाचं. युद्धानंतर तरुण शहरांकडे, कारखान्यांकडे गेले, शेतं ओस पडू लागली. १९६३ साली वाईनच्या प्रदेशनामांचा कायदा आला, १९६४ मध्ये अर्धेलीचे नवे करार बंद झाले. आजचे मळे बरेचसे त्यानंतरचे आहेत.

म्हणजे आपण बघतो तो देखावा हाच मुळी युद्धोत्तर इतिहास आहे. दफनभूमीत पूर्वार्ध वाचायचा, मळ्यात उत्तरार्ध. सुरुंग काढून, वेल पुन्हा लावून, पहिल्या चांगल्या पिकासाठी तीन-चार वर्षं थांबलेल्या माणसांचा हा उत्तरार्ध आहे. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : शोभतं, पण क्रम पाळला तर. सकाळी स्मारक, मग तासभर काहीच नाही, नुसतं चालायचं, आणि मळा दुपारनंतर. मळ्यात गेल्यावर चवीआधी विचारायचं, ही जमीन तेव्हा कोण कसत होतं? जुन्या घराण्यांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

थोडं व्यवहाराचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, द्राक्षतोडणी बघायला मिळते. पण मळ्यांना आधी कळवा, त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरे टिपतात आणि दंड घरपोच येतो, म्हणून गाडी वेशीबाहेर लावा. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, ती लवकर ओलांडली जाते. ज्याच्या हाती चाक, त्याने त्या दिवशी फक्त वास घ्यायचा. आळीपाळीने चालवा. आणि अंतर हजार किलोमीटरच्या आतलं आहे म्हणून पाच दिवसांत उरकू नका.

निघण्याआधी एक काम मात्र इथेच करा. माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे, तो बघून या. कासिनोच्या भिंतीवर त्यांचं नाव शोधताना त्याचा उपयोग होईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.