मेगा मॅन ९

मेगा मॅन ९ (जपानमधील नाव रॉकमन ९) हा कॅपकॉम या जपानी कंपनीने इ.स. २००८ साली प्रकाशित केलेला प्लॅटफॉर्म प्रकारचा, म्हणजे उड्या मारत खड्डे व शत्रू चुकवून पुढे सरकण्याचा, व्हिडिओ गेम आहे. त्याच्या निर्मितीत इन्टी क्रिएट्स या कंपनीचा मोठा वाटा होता. निन्टेन्डो वी, प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या यंत्रांसाठी तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याच्या स्वरूपात उपलब्ध करण्यात आला. ही यंत्रे त्रिमितीय चित्रणास समर्थ असूनही खेळाची चित्रे, संगीत आणि रचना १९८०च्या दशकातील फॅमिकॉम या ८-बिट यंत्रावरील खेळांसारखी हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. मात्र हे जुन्याचे सरसकट अनुकरण नव्हे. आधीच्या आठ भागांपैकी मुख्यतः दुसरा भाग आदर्श मानून त्यानंतर आलेल्या काही गोष्टी येथे वगळल्या आहेत, तर काही सोयी फारसा गाजावाजा न करता राखल्या आहेत.

पूर्वीचे भाग

मालिकेचा पहिला भाग डिसेंबर १९८७ मध्ये फॅमिकॉमवर प्रकाशित झाला. त्यात सहा रोबॉट मास्टर, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारे प्रमुख शत्रू, होते. खेळाडूने त्यांना हव्या त्या क्रमाने हरवावे, प्रत्येकाचे शस्त्र मिळवावे आणि ते ज्याला विशेष लागू पडते अशा दुसऱ्या शत्रूवर वापरावे, ही मालिकेची मूळ कल्पना याच भागात पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते. डिसेंबर १९८८ मधील दुसऱ्या भागाने शत्रूंची संख्या आठ केली, शक्ती भरून काढणारे ई-टँक आणले आणि खेळ पुन्हा तेथूनच सुरू करता यावा म्हणून पासवर्डची सोय केली. तिसऱ्या भागात (१९९०) जमिनीलगत घसरत जाण्याची क्रिया आणि रश हा यांत्रिक कुत्रा आला. चौथ्या भागात (१९९१) बटण दाबून धरल्यास अधिक प्रभावी गोळी सुटू लागली. पाचवा व सहावा भागही फॅमिकॉमवरच निघाले. सातवा (१९९५) सुपर फॅमिकॉमवर आला. आठवा (१९९६) प्लेस्टेशनवर व नंतर सेगा सॅटर्नवर आला. त्यात ध्वनिमुद्रित संवाद व चलच्चित्रे होती. या दोन्ही भागांत आठ शत्रू एकदम समोर न येता चार-चारांच्या दोन गटांत येतात. नववा भाग येण्यास त्यानंतर जवळजवळ बारा वर्षे लागली.

चित्र व ध्वनी

फॅमिकॉमवरील खेळांचे रूप हे बरेचसे यंत्राच्या मर्यादांतून घडलेले होते. एका आडव्या ओळीत आठाहून अधिक हलती लघुचित्रे दाखविणे त्या यंत्रास शक्य नव्हते. त्यापेक्षा जास्त झाली की काही दिसेनाशी होत. ती कायमची लुप्त होऊ नयेत म्हणून आळीपाळीने दाखविली जात व चित्र लुकलुकत असे. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की खेळाचा वेगही मंदावे. प्रत्येक लघुचित्रास पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत. म्हणून मेगा मॅनच्या निळ्या देहावर चेहऱ्याचे वेगळे लघुचित्र बसविलेले असे. त्याच्या निळेपणाचे कारणही, मालिकेचे एक प्रमुख रचनाकार केइजी इनाफुने यांनी सांगितल्यानुसार, यंत्राच्या रंगसंचात निळ्याच्या छटा अधिक होत्या हेच होते.

इ.स. २००८ मधील यंत्रांना यातील कोणतीही अडचण नव्हती. तरीही नवव्या भागात चित्र लुकलुकण्याचा व वेग मंदावण्याचा पर्याय दिलेला आहे. तो बंद ठेवल्यास खेळ मूळ यंत्रावर कधीही दिसला नसता इतका स्वच्छ दिसतो. पूर्वी जो दोष होता तो येथे निवडीचा विषय झाला. संगीतही फॅमिकॉमच्या ध्वनिसंचाची आठवण करून देणारे, मोजक्या स्वरनादांत बांधलेले आहे. हा विनोदी आग्रह जाहिरातीपर्यंत पोहोचला होता. पहिल्या भागाच्या अमेरिकी आवृत्तीचे वेष्टनचित्र त्याच्या बेढबपणामुळे कुप्रसिद्ध आहे. नवव्या भागासाठी त्याच शैलीत मुद्दाम एक बेढब चित्र काढून घेण्यात आले.

खेळण्याची पद्धत

सर्वांत ठळक फरक मेगा मॅनच्या क्षमतेत आहे. तिसऱ्या भागापासूनची घसरण आणि चौथ्या भागापासूनची साठवून सोडण्याची गोळी या दोन्ही गोष्टी नवव्या भागात त्याच्यापाशी नाहीत. तो चालतो, उडी मारतो आणि साधी गोळी झाडतो. अर्थात दुसऱ्या भागात त्याला जे येत होते तेवढेच. हा बदल केवळ स्मरणरंजनासाठी आहे असे म्हणता येत नाही. साठवलेली गोळी हाती असली की खेळाडू बटण सतत दाबून धरतो, आणि शत्रूंकडून मिळविलेली शस्त्रे वापरण्याचे कारण कमी होते, असा आक्षेप मधल्या भागांवर घेतला जातो. मूळ गोळी दुर्बळ ठेवल्याने नवव्या भागात ही शस्त्रे पुन्हा महत्त्वाची ठरली.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र हा भाग आपल्या आदर्शाच्या पुढे जातो. दुसऱ्या भागातील मेटल ब्लेड आठही दिशांना फेकता येते व त्याला ऊर्जा अत्यल्प लागते. ते मिळाल्यावर इतर शस्त्रांकडे वळण्याची निकड उरत नाही. नवव्या भागात असे सर्वांवर मात करणारे शस्त्र नाही. त्याऐवजी प्रत्येकास लढाईबाहेरचाही काही उपयोग देण्याचा प्रयत्न दिसतो. काँक्रीट शॉटचा गोळा घट्ट होऊन पाय ठेवण्याजोगा ठोकळा बनतो. टॉर्नेडो ब्लो पडदाभर वारा उठवते आणि त्या वेळी उडीही उंच जाते. हॉर्नेट चेसरच्या गांधीलमाश्या दूरच्या वस्तू आणून देतात. प्लग बॉल जमीन, भिंत व छत यांना धरून धावतो. दुसऱ्या भागातील लीफ शील्ड हे पानांचे कवच खेळाडू हलताच सुटून जात असे. ज्वेल सॅटेलाइट हे त्याच जातीचे कवच घेऊन चालता येते. मॅग्मा बझूका साठवून सोडता येते, म्हणजे वगळलेली क्षमता एका शस्त्रापुरती का होईना परत आलेली आहे.

आठही रोबॉट मास्टर पुन्हा एकदम समोर येतात. त्यांपैकी स्प्लॅश वूमन ही मुख्य मालिकेतील पहिली स्त्रीरूप रोबॉट मास्टर होय. टप्प्यांच्या रचनेत जुन्या अडथळ्यांचे प्रतिध्वनी आहेत. ठरावीक लयीत प्रकट होऊन नाहीसे होणारे ठोकळे पहिल्या भागापासूनचे परिचित आहेत. स्पर्शासरशी बळी घेणारे काटे आणि अथांग खड्डे यांचे प्रमाण एवढे आहे की खेळाडूला टप्पा बहुधा अनेकदा मरूनच पाठ करावा लागतो.

याउलट पासवर्डची पद्धत परत आणलेली नाही; खेळ थेट जतन करता येतो. सातव्या भागापासून परिचित असलेले ऑटोचे दुकानही आहे व तेथे वाटेत गोळा केलेल्या स्क्रूंच्या मोबदल्यात साहाय्यक वस्तू मिळतात. तिसऱ्या भागातील रशही आहे. वेळ लावून खेळण्याची सोय आणि विशिष्ट करामतींसाठीची पन्नास आव्हाने ही तर खास नव्या काळाची भर आहे.

प्रोटो मॅन हे पात्र वेगळे पैसे भरून घेता येत असे. त्याच्यापाशी घसरण आणि साठवलेली गोळी या दोन्ही क्षमता आहेत, मात्र त्याला इजा दुप्पट होते. मेगा मॅनकडून काढून घेतलेल्या गोष्टी विकत घेण्याजोग्या करण्यावर काही खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली. तरी एकाच टप्प्यातून दोघांना नेऊन पाहिल्यास दुसरा व चौथा भाग यांच्या खेळण्यातील अंतर शेजारी-शेजारी अनुभवता येते.

कथानक

बहुतेक भागांत डॉ. वायली हाच जगावर आक्रमण करतो. येथे तो ते आपल्या प्रतिस्पर्ध्यावर, डॉ. लाइट यांच्यावर, ढकलतो. लाइट यांनी बनविलेले, मुदत संपल्यामुळे मोडीत निघणार असलेले रोबॉट त्याने भडकविलेले असतात. कामाचे राहूनही जुने झाले म्हणून टाकून दिलेल्या यंत्रांची ही कथा जुन्या पद्धतीच्या खेळात यावी, हा योगायोग अनेकांच्या नजरेत भरला. शेवटी वायली नेहमीप्रमाणे गुडघे टेकून क्षमा मागतो, तेव्हा मेगा मॅन त्याला मागील प्रत्येक भागातील क्षमायाचनेची दृश्ये एकामागून एक दाखवितो.

स्वागत व नंतरचे भाग

समीक्षकांनी खेळाचे सामान्यतः कौतुक केले. नापसंती प्रामुख्याने काठिण्याबद्दल होती. इ.स. २०१० मधील दहावा भाग याच ८-बिट शैलीत निघाला, पण त्यात सोपा स्तर देण्यात आला. इ.स. २०१८ मधील अकराव्या भागाने जुने चित्ररूप सोडले आणि मेगा मॅनला घसरण व साठवलेली गोळी दोन्ही परत दिली. सातवा ते दहावा हे चार भाग २०१७ साली मेगा मॅन लेगसी कलेक्शन २ या संचात एकत्र प्रकाशित झाले.