लाविनोचे गाऱ्हाणे

संस्कृतींचा संघर्ष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सैन्ये, मिशनरी आणि राज्यकर्ते उभे राहतात. युगांडाचा कवी ओकोट प'बिटेक याने हा संघर्ष नवराबायकोच्या संसारात आणून ठेवला. त्याचे 'सॉंग ऑफ लाविनो' हे दीर्घकाव्य १९६६ साली नैरोबीहून प्रसिद्ध झाले, तेव्हा युगांडाला ब्रिटिशांच्या अंमलातून सुटून अवघी चार वर्षे झाली होती.

लाविनो ही उत्तर युगांडातील अचोली समाजाची स्त्री. तिचा नवरा ओचोल विद्यापीठात शिकून आलेला. त्याला आता तिचे नाच ओंगळ वाटतात, तिचे अन्न रानटी वाटते. घड्याळ पाहून वेळ सांगता येत नाही म्हणून तो तिला अडाणी ठरवतो. ओठ रंगवणाऱ्या क्लेमेंटाइनवर त्याचे मन जडले आहे. लाविनो हे सारे गाऱ्हाणे आपल्या भाऊबंदांपुढे मांडते. कधी रडून, पुष्कळदा खो खो हसवून.

हा केवळ जुन्याचा कैवार आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. गोऱ्यांनी गोऱ्यांच्या रीतीने वागावे, याला लाविनोची हरकत नाही. ज्या अंगणात आपण वाढलो त्याच्यावर ओचोलने थुंकू नये, एवढेच तिचे मागणे आहे.

आणि कवी तरी कोण? १९३१ साली गुलू येथे जन्मलेला ओकोट १९५६ मध्ये फुटबॉल संघाबरोबर विलायतेस गेला, तेथेच राहिला आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकला. म्हणजे ओचोलची विद्या त्याच्याही पदरी होती. पण त्याने काव्य आधी अचोली भाषेत, तेथील लोकगीतांच्या वळणाने रचले आणि मग स्वतःच इंग्रजीत आणले. इंग्रजीपुढे मान तुकवणाऱ्या नवऱ्याविरुद्धची फिर्याद जगाने ऐकली ती इंग्रजीतच! येथे परकी भाषा मालकीण राहिली नाही. ती लाविनोची दुभाषी झाली.

१९७० साली ओकोटने ओचोललाही बोलू दिले. 'सॉंग ऑफ ओचोल' मध्ये तो सारे जुने मोडून टाकण्याची भाषा करतो. परंतु त्या संतापाखाली स्वतःच्या काळ्या जन्माची लाज दडलेली आहे, हे वाचकाच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाही.

तेव्हा जुने श्रेष्ठ की नवे, हा या काव्याचा खरा प्रश्न नव्हे. शिकून घरी परतलेल्या माणसाला घरच्यांचे बोलणे अजून ऐकू येते की नाही, हा आहे. ओकोटला ते ऐकू येत होते, म्हणून तो कवी झाला.