कोवलमचा वेढा (१७५२) : तटाच्या दोन्ही बाजूंचे शिपाई

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर कोवलम हे मासेमारीचे गाव लागते. येथे समुद्रकाठी एक किल्ला होता. त्या जागेवर आज मोठे हॉटेल उभे आहे. सप्टेंबर १७५२ मध्ये, दुसऱ्या कर्नाटक युद्धात, रॉबर्ट क्लाइव्हने हा किल्ला फ्रेंचांकडून घेतला.

पाठ्यपुस्तकात हा प्रसंग क्लाइव्हच्या शौर्याचा म्हणून येतो. मी अभियांत्रिकीचा शिक्षक, त्यामुळे माझे लक्ष आधी आकड्यांकडे जाते. क्लाइव्हबरोबर सुमारे २०० युरोपीय आणि ५०० हिंदी शिपाई होते. किल्ल्याच्या आत सुमारे ५० युरोपीय आणि ३०० शिपाई. म्हणजे तटाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे बहुसंख्य माणसे हिंदीच होती!

क्लाइव्हची फौज अगदी कच्ची होती. युरोपीय सैनिक नुकतेच इंग्लंडहून आलेले, शिपाईही नवे भरलेले. किल्ल्यातून गोळी आली की पळापळ होई. एक पहारेकरी तर काही तासांनी विहिरीच्या तळाशी लपलेला सापडला. मेकॉलेने १८४० च्या निबंधात हे सारे रंगवून सांगितले आहे. त्यात क्लाइव्ह मुद्दाम माऱ्यात उभा राहून इतरांना लाजवतो. ते खरेही असेल. पण काही दिवसांपूर्वी बंदूक हाती घेतलेला माणूस माऱ्यात टिकू लागला, याचे श्रेय त्या माणसालाही द्यायला हवे.

किल्ला पडला. ही बातमी चेंगलपट्टूहून मदतीला निघालेल्या फ्रेंच तुकडीला कळली नव्हती. क्लाइव्हने तिच्या वाटेवर माणसे दबा धरून बसवली. पहिल्याच फैरीत सुमारे १०० जण पडले, ३०० कैद झाले. तीही तुकडी मुख्यतः शिपायांचीच.

मग हे लोक एकमेकांविरुद्ध का लढले? 'देशद्रोह' हा शब्द येथे घाईने वापरू नका. आजच्या अर्थाचा देश तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. चाकरी होती, पगार होता. मोठ्या सरदारांचेही तसेच. गुत्तीचे मुरारराव घोरपडे १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात क्लाइव्हच्या मदतीला धावले आणि १७५३ मध्ये तेच फ्रेंचांच्या बाजूने लढत होते. फरक एवढाच, की मुराररावांची बाजूबदल इतिहासात नावानिशी आहे, शिपायांच्या वाट्याला फक्त संख्या.

शिपाई कवायती पद्धतीने तयार करण्यात फ्रेंच पुढे होते. १७४६ मध्ये अड्यार नदीकाठी त्यांच्या छोट्या कवायती फौजेने नवाबाच्या कितीतरी मोठ्या सैन्याला पळवले, आणि इंग्रजांनी धडा घेतला. १७५८ च्या सुमारास स्ट्रिंजर लॉरेन्सने मद्रासच्या सुट्या शिपाई कंपन्यांच्या पलटणी बांधल्या. आजची मद्रास रेजिमेंट आपला आरंभ त्याच वर्षी मानते.

याच किनाऱ्यावरचे शिपाई पुढे बंगालमध्ये गेले, तेव्हा तिकडे शिपायाला 'तेलंगा' म्हणू लागले. मराठीत कवायती शिपायासाठी 'गारदी' शब्द रुळला. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांकडून लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झाला होता.